बाबांची दुनळी आणि हरभऱ्यातले रोही

आमच्याकडे थंडी पडायला लागली की घरातल्या पुरुषांना शिकारीची चर्चा चढते. शिकार नव्हे, चर्चा. शिकार करायला कायद्यानं आता काही ठेवलेलं नाही, आणि ते बरंच आहे. चितळाकडे, हरणाकडे बंदूक नुसती रोखली तरी माणूस गजाआड जातो. उरला तो रोही, म्हणजे नीलगाय. अंगानं घोड्याएवढा, नात्यानं हरणांच्या गणगोतातला आणि खायला बसला की कुणाच्या बापाला न ऐकणारा. तो पिकात शिरतो म्हणून वनखात्याकडून ठरावीक मुदतीची परवानगी मिळते, आणि ज्याच्याकडे पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना आहे त्याला तेवढ्या मुदतीत तो मारता येतो. मारलेला रोही खात्याच्या ताब्यात द्यायचा. खायचा नाही, वाटायचा नाही. हे मी दरवर्षी सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगते आणि ते सगळं शांतपणे ऐकून म्हणतात, "हाव, पण एखादी तंगडी तं पाठवजो."

बाबांचं वावर नागपूरपासून तासाभरावर आहे. आई गेल्यापासून बाबा धरमपेठेत आमच्याकडे राहतात, पण त्यांचा जीव तिकडेच असतो. मी महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे रविवारी उशिरापर्यंत झोपायचा मला हक्क आहे अशी माझी समजूत होती. बाबांना गाडी चालवता येत नाही, माझ्या नवऱ्याची पाठ नेमकी शनिवारी रात्री धरते आणि भाऊ पुण्यात असतो. भाऊ शेती फोनवरून करतो. "अगं, पाणी दिलं का? फवारणी झाली का?" असं विचारतो आणि मग त्याची मीटिंग सुरू होते. म्हणजे उरले मी. गेली कित्येक वर्षं माझे रविवार त्या वावरात गेले आहेत आणि त्याचं मला अजिबात कौतुक वाटत नाही.

वावर विकावं असं भावाचं म्हणणं होतं. आजूबाजूची बरीच शेतं विकली गेली आहेत. तिथे आता लेआउट पडले आहेत, म्हणजे पांढरे दगड, रंगीत झेंडे आणि रस्त्याच्या तोंडाशी एक भलीमोठी कमान, जिच्या आत अजून कुणीच राहत नाही. मी उघड सांगते, मलाही विकायलाच हवं होतं. बाबांचं वय झालं, आमचं होत आलं, आणि दोन वर्षं लागोपाठ सगळा हरभरा रोह्यांनी खाल्ला होता. आपण पेरायचं, आपण पाणी द्यायचं आणि घाटे भरले की त्यांनी सहकुटुंब जेवायला यायचं, ही शेती नाही, अन्नछत्र आहे.

दिवाळीत भाऊ आला तेव्हा बाबांनी स्वतःहूनच विषय काढला. म्हणाले, "या साली हरभरा घरी आला तं वावर राहीन. रोह्याइनं खाल्ला तं मी सही करून देतो. मंग कोणी काही बोलायचं नाही." भाऊ खूश झाला. त्यानं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, म्हणजे काम झालंच असं समज. मीही मान हलवली. बाबा समोरच बसले होते, पण त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

आता बंदुकीबद्दल सांगायला हवं. बाबांची बारा बोराची दुनळी वर्षातला निम्मा काळ पोलीस ठाण्यात असते. निवडणूक लागली की आचारसंहिता लागते आणि आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात. लोकसभेची झाली की विधानसभेची, ती झाली की नगरपालिकांची, मग जिल्हा परिषदेची. बाबा बंदूक जुन्या शालीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी ठेवतात, मी ती ठाण्यात पोचवते आणि निकाल लागल्यावर पुन्हा आणते. आमच्या बंदुकीनं जेवढ्या निवडणुका पाहिल्या तेवढ्या गावातल्या पुढाऱ्यांनी पाहिल्या नसतील. रोह्यांना मात्र आचारसंहिता लागू नाही. ते नेमके तेव्हाच येतात.

या वर्षी कधी नव्हे ते दोन्ही गोष्टी जुळून आल्या. बंदूक घरी होती आणि रोह्यांची परवानगीही हातात आली. झालं, घरात पद्धतींवरून भांडणं सुरू झाली.

पहिले आले मामा. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. तरुणपणी कुणासोबत तरी जंगलात दोनदा गेले होते, त्या भांडवलावर ते आजतागायत बोलतात. त्यांचं मत असं की रोही मारायचा तर मचाणावरूनच. "भाऊजी, वर बसलं की वास खाली जात नाही. आन नजर कशी चारी बाजूनं राह्यते!" बाबांना ते पसंत नव्हतं. ते म्हणाले, "मचाणावर बसून मारणं म्हंजे कोणाच्या ताटात वरून हात घालणं." पण मामा ऐकणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी आमच्या गड्याकडून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबावर मचाण बांधून घेतलं, त्यावर गादी टाकली, तक्क्या ठेवला, थर्मास ठेवला. मला तर वाटलं आता हे वर तुळशीवृंदावनही बांधतात की काय.

रविवारी दुपार कलल्यावर मामा आधी चढले आणि बाबांना मचाणावर चढवलं. चढताना ते शिडीची प्रत्येक पायरी हातानं चाचपत होते, आणि मला वाटलं वय झालं. मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिडकीशी पेपर तपासायला बसले. तिथून वावर सगळं दिसत होतं. ऊन उतरलं तसे रोही आले, लेआउटच्या पांढऱ्या दगडांमधून, अगदी पाहुण्यांसारखे निवांत. पुढे काळपट निळा नर, मागे भुऱ्या माद्या, त्यांच्यात दोन पिल्लं. हरभऱ्यात शिरले आणि खाली माना घालून सुरू झाले. मी बंदुकीच्या आवाजाची वाट पाहत कान झाकून बसले. आवाज येईना. नर तर मचाणासमोर आडवा उभा होता, म्हणजे याहून सोयीचा रोही देवानंही उभा केला नसता.

आणि मग आवाज आला, पण वेगळाच. नागपूरबाहेरच्या लोकांना खर्रा माहीत नसेल म्हणून सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तो तळहातावर घासतात, चांगला वेळ घासतात, आणि ती पन्नी वाजते. मामांना खर्ऱ्याशिवाय अर्धा तास निघत नाही. संध्याकाळच्या त्या शांततेत कडुनिंबावरून खर्र खर्र असा आवाज यायला लागला. नरानं मान वर केली, कान फिरवले, आणि सगळा कळप आला तसा कमानीखालून निघून गेला.

खाली उतरल्यावर दोघांची जुंपली. बाबा म्हणाले, "तुह्या खर्ऱ्यानं घात केला." मामा म्हणाले, "अन् मी खर्रा काढाच्या पह्यले ते इतका वेळ उभे होते, तव्हा काहून नाही मारलं? मी तुमाले बोटानं दाखवून राहिलो होतो!" बाबांनी शाल झटकली आणि बंदूक गुंडाळायला घेतली. मामा रागावून पुढच्या गाडीनं गेले आणि जाताना थर्मासही घेऊन गेले. तो माझा होता.

दुसरी पद्धत माझ्या नवऱ्याची. हे विजेच्या कामात आयुष्य घालवलेले गृहस्थ. आता निवृत्त आहेत आणि जगातला प्रत्येक प्रश्न तार जोडून सुटतो असा त्यांचा विश्वास आहे. "बंदूक कशाला हवी? आपण विज्ञानाच्या मार्गानं जाऊ." आधी त्यांनी सौरऊर्जेवर चालणारी झटक्याची तार लावली. रोह्यांनी ती पहिल्याच आठवड्यात उडी मारून ओलांडली. झटका बसला तो आमच्या गड्याला, आणि त्यानं आठ दिवस वावरात पाय ठेवला नाही. मग ह्यांनी सीताबर्डीवरून भोंगा आणला, ॲम्प्लिफायर आणला आणि कुठून तरी वाघाची डरकाळी मिळवली. ती दर तासाला आपोआप वाजेल अशी सोय केली. घरी करून दाखवली तेव्हा शेजारच्या काकूंच्या हातातून दुधाचं पातेलं पडलं.

रोही दोन दिवस आले नाहीत. ह्यांनी त्या दोन दिवसांत इतक्या लोकांना फोन केले की तिसऱ्या दिवशी रोही परत आले तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. पण डरकाळीचा परिणाम भलत्यांवरच झाला. निंदणाला येणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या. गावात बातमी पसरली की लेआउटमध्ये वाघ आला आहे. आमच्या भागात वाघ येतातही, त्यामुळे ती खोटी कोण म्हणणार? एकानं पाऊलखुणा पाहिल्या, एकाची बकरी हरवली, एकानं तर शेपटी पाहिली. वनखात्याची माणसं आली. वाघाचा पत्ता लागेपर्यंत त्या शिवारात कुणी बंदूक चालवू नये, असं त्यांनी बजावलं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, जाऊन सांगा ना खरं काय ते!" तर म्हणाले, "आता सांगितलं तर मलाच पकडतील." शेवटी मीच गेले. एवढ्या साहेबांसमोर उभी राहून मी, मराठीची प्राध्यापिका, वाघ आमच्या घरचा आहे आणि तो पेन ड्राइव्हवर आहे असं समजावून सांगत होते. ते साहेब सभ्य होते. हसले नाहीत. मी बाहेर पडल्यावर आतून जो आवाज आला तो मी न ऐकल्यासारखं केलं.

या सगळ्यात परवानगीची मुदत सरत चालली होती आणि हरभरा एका बाजूनं खाली बसत चालला होता. भावाचा फोन यायचा. "किती उरला?" मी म्हणायची, "उरलाय." त्याच्या आवाजात काळजी असायची, पण ती हरभरा संपायला वेळ लागतोय याची होती. मला राग यायचा. मग आठवायचं की मलाही तेच हवं आहे, आणि अजूनच राग यायचा.

तेव्हा बाबा म्हणाले, "झाल्या तुमच्या सर्व तऱ्हा? आता मी सांगतो तसं." बाबांची पद्धत म्हणजे पायी जायचं. पहाटे, वारा तोंडावर घेऊन, खोकायचं नाही, बोलायचं नाही. धुऱ्याच्या आडोशाला जमिनीवर बसायचं आणि जनावर अगदी जवळ येईपर्यंत वाट पाहायची. "दुरून कोणीबी मारते. जवळून मारलं तं जनावर तडफडत नाही." हे ऐकायला इतकं चांगलं वाटलं की मीसुद्धा भारावले. त्यांना सोबत कुणीतरी हवं होतं, आणि कुणीतरी म्हणजे अर्थातच गाडी चालवणारं.

अंधारातच धरमपेठेतून निघालो. उजाडता उजाडता वावरात पोचलो. गडी धुऱ्यावर शेकत बसला होता. तो म्हणाला, "काल पाह्यजे होते तुमी, काल कसे रांगेनं आले होते." हा माणूस गेली दोन वर्षं मला हेच वाक्य सांगतो आहे. त्याला तिथेच बसवून आम्ही पुढे गेलो. बाबा माझा हात धरून चालत होते. मला वाटलं, मला सोबत म्हणून. तुरीच्या कडेला दव पडलेल्या गवतात आम्ही बसलो. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली, पायाला मुंग्या आल्या, आणि कुणाचा तरी जीव घ्यायला आपण इतक्या थंडीत इथे का बसलो आहोत या विचारानं मला रडू यायचं बाकी राहिलं. बाबा मात्र डोळे मिटून बसले होते. मध्येच त्यांनी नाक वर केलं, हुंगलं आणि कुजबुजले, "आले."

खरंच आले होते. नर सगळ्यांच्या पुढे होता. आमच्या डाव्या हाताला, इतक्या जवळ की घाटे तोडताना होणारा बारीक आवाज मला ऐकू येत होता. मी आयुष्यात रोही इतक्या जवळून पाहिला नव्हता. गळ्याखाली काळ्या केसांचा झुपका, पायांच्या खुरांवर पांढरी कडी. मी बाबांना कोपर लावलं. त्यांनी बंदूक उचलली, खांद्याला लावली. ते म्हणाले, "दिसला."

बंदूक समोर रोखलेली होती. डावीकडे नाही, अगदी समोर. समोर विहिरीजवळ पाण्याचा निळा ड्रम होता.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, काहीतरी डावपेच असेल. मग ड्रमच्या मागचा धूर दिसला. धुऱ्यावर शेकोटी होती आणि शेकोटीशी आमचा गडी पाठमोरा बसला होता. मी बंदुकीच्या नळीवर हात ठेवला आणि ती खाली दाबली. "बाबा, तो ड्रम आहे."

त्यांनी बंदूक मांडीवर घेतली, काडतुसं काढून खिशात घातली. रोही खात होता. खाऊन झाल्यावर गेला.

परतीच्या वाटेवर मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि बोलले. बोलले म्हणजे ओरडले. "कधीपासून दिसत नाही?" ते म्हणाले, "दिसते. ढगाढगानं दिसते." "कधीपासून?" "झाले दोनक वर्षं." दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस वर्तमानपत्र समोर धरून बसत होता, माझ्याकडून बातम्या मोठ्यानं वाचून घेत होता, म्हणत होता तुझा आवाज चांगला आहे. मचाणावर मामा बोट दाखवत होते आणि बाबांना बोटही दिसत नव्हतं. म्हणून ते जवळून मारण्याचं तत्त्वज्ञान! आणि मी भारावले होते.

"बाबा, मोतीबिंदू असेल! आपल्या गल्लीत निम्म्या लोकांचा झाला. सकाळी जातात, दुपारी घरी येतात. सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तं तुमी बंदूक ठेवू देल्ली असती काय? बंदूक गेली की तुमी म्हणान, आता वावर काहून पाह्यजे."

आम्ही नेमकं तेच म्हटलं असतं. ते खिडकीबाहेर पाहत होते, म्हणजे जे काही दिसत होतं त्याच्याकडे. मग हळूच म्हणाले, "अन् मोतीबिंदू नसला तं? डाक्टर म्हणला, आता काही होत नाही, तं? तोवर निदान मले वाटून तं राहिलं होतं का दिसते म्हणून."

मला इतका राग आला होता, आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना. त्यांच्यावर, भावावर, दिवाळीत हळूच मान हलवणाऱ्या माझ्यावर. मी गाडी सुरू केली आणि घरी न जाता थेट धंतोलीत नेली. बाबांच्या धोतराला गवताची कुसळं चिकटलेली, माझी साडी चिखलानं माखलेली, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात सगळ्या विदर्भातून आलेली माणसं ओळीनं बसलेली. बंदूक शालीत गुंडाळून गाडीत होती. मी वरून दर पाच मिनिटांनी खिडकीतून गाडी आहे ना ते पाहत होते. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदूच आहे, चांगलाच पिकलाय, आजोबा इतके दिवस काय करत होते? बाबा म्हणाले, "शेती." मी कपाळावर हात मारून घेतला, आणि सुटकेनं लगेच ऑपरेशनची तारीख मागितली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं नंतर करायचं ठरलं. आता धूळ नको, ऊन नको, खाली वाकायचं नाही, थेंब वेळच्या वेळी घालायचे. त्या काळात वावरात कोण जाणार? कुणीच नाही. मामा रुसले होते, ह्यांची वाघापायी नाचक्की झाली होती आणि मी घरात थेंब घालत होते. रोह्यांना रान मोकळं मिळालं. बाबांनी हिरवी पट्टी काढून काळा चष्मा घातला त्याच आठवड्यात निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. बंदूक जमा करा.

मी हसले. खरं तर मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच मोठ्यानं हसले आणि मग एक पातेलं आपटलं.

बाबा काळा चष्मा लावून माझ्याशेजारी बसले आणि आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या शिपायानं बंदूक घेतली. तो आता आम्हाला ओळखतो. म्हणाला, "काय आजोबा, झाली काय शिकार?" बाबा म्हणाले, "झाली ना. डोळ्याची." तो समजून घ्यायच्या भानगडीत पडला नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "इतक्या दूर आलोच आहो तं वावराकडून जाऊन घेऊ." डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं आहे, हे मी त्यांना सांगितलं, आणि गाडी वावराकडे वळवली.

चार वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं. गाडीतून उतरायच्या आधीच मला दिसलं. सगळा कळप आमच्या हरभऱ्यात होता. अर्धं वावर खरडलेलं, नुसते बुंधे उरलेले, आणि उरलेल्या अर्ध्यात ते शिरलेले. बाबा उतरले. गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कारण मला भीती वाटत होती. आणि बाबा हसत होते.

"पाह्य वं, पाह्य! नराच्या गळ्याखाली कसा झुपका आहे! अन् खुरावर पांढरं. ते पिल्लू पाह्य, त्याचा कान फाटला आहे. मायच्या मागं मागं राह्यते." हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस जसा उलटसुलट करून पाहतो तसे ते एकेक रोही पाहत होते. "मले त्या झाडाचं पान दिसून राहिलं. पानन् पान."

"बाबा, ते आपला हरभरा खातायत."

"हाव, दिसून राहिलं." त्यांनी चष्मा सारखा केला. आवाजात कुठे रागलोभ नव्हता. "गेला हरभरा. पोराले शब्द देल्ला होता. बोलाव त्याले, सही करून देतो. पाहून तं घेतलं एकडाव."

आणि इथे मला नेमकं काय झालं ते मी आजपर्यंत नीट सांगू शकलेले नाही. विकायचं होतं मलाही. माझे रविवार मला परत मिळणार होते. सगळं माझ्या मनासारखं होत होतं. पण ते इतकं सहज म्हणाले, "पाहून तं घेतलं," की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पदर कमरेला खोचला, चपला काढल्या, एक चप्पल हातात घेतली आणि धावले. हरभऱ्यातून धावले. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू. ढेकळं उचलून मारत होते, ओरडत होते, आणि काय काय ओरडले ते माझ्या विद्यार्थ्यांना कळलं तर मला पुन्हा वर्गात उभं राहता येणार नाही. नर जागेवरच थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मात्र थांबले नाही. "जा! निघ! दोन वर्षं झाली खातोस, लाज नाही वाटत? आंधळ्याचं खातोस!" मग त्यानं मान फिरवली, आणि सगळा कळप धुरा ओलांडून पांढऱ्या दगडांमधून धावत गेला. पिल्लू शेवटी गेलं.

मी तिथेच ढेकळांवर बसले. पायाला काटे रुतले होते, श्वास पुरत नव्हता. मागून बाबांची हाक आली, "पाय पाहून टाक वं, घाटे तुडवू नोको!"

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचा होता. भाऊ म्हणाला, "काय गं, काय परिस्थिती? गेला का हरभरा?"

मी समोर पाहिलं. बाबा चष्मा कपाळावर चढवून, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून, खाली वाकून उरलेल्या झाडांचे घाटे एकेक उलटून पाहत होते.

"नाही गेला," मी म्हटलं. "अर्धा उभा आहे. आणि पुढच्या हंगामात पहाटे धुऱ्यावर तू येऊन बसायचं आहेस, मी एकटी बसणार नाही."